चालता येतं त्यांनी करंजाखाली

भिंगारदिवे सिस्टरांनी जीपमधून उतरण्याआधी पदर कमरेला घट्ट खोचला आणि मला म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत्ता इथंच रडून घे, कुमुद. खाली उतरल्यावर वेळ मिळायचा नाही."

मी रडत नव्हते. घाटातल्या वळणावर एक टेम्पो चाकं आमच्याकडे करून आडवा पडला होता आणि त्याच्या पलीकडून जो आवाज येत होता, तसा मी कुठल्याही वॉर्डात ऐकला नव्हता. वॉर्डात एक माणूस ओरडतो, फार तर दोन. इथं सगळे एकदम ओरडत होते.

आम्ही पोलिओची घरभेट आटोपून वरच्या वाडीतून परत येत होतो. दुपारचा एक वाजला होता. जीपमध्ये आम्ही दोघी, ड्रायव्हर पिंजारी, लशीचे दोन डबे, थोडा कापूस-गॉज, सलाइनची एक बाटली, सात बँडेजं आणि पोरांच्या करंगळीच्या नखावर खूण करायचा मार्कर. एवढ्या भांडवलावर आम्ही अठ्ठावीस माणसांना वाचवायला उतरलो. आभाळ फाटलं तिथं ठिगळ कुठं लावायचं म्हणतात, तशी गत. मोबाइल तेव्हा आमच्या भागात कुणी पाहिलेला नव्हता. त्या रस्त्याला दिवसाला एक एसटी, ती सकाळीच जायची. तालुक्याचा दवाखाना बत्तीस किलोमीटर लांब होता, आणि तिथली एकुलती एक अ‍ॅम्ब्युलन्स बाळंतिणीला घेऊन जिल्ह्याला गेल्याचं आम्हाला सकाळीच कळलं होतं.

टेम्पोत एकाच भावकीतली माणसं होती. पोराचं लग्न होऊन सहा दिवस झाले होते. नव्या जोडप्याला कुलदैवताच्या पायावर घालून सगळे परत निघाले होते. उतारावर ब्रेक लागला नाही, एवढंच नंतर कळलं.

भिंगारदिवे सिस्टर भूकंपाच्या साली महिनाभर तंबूत काम करून आलेल्या बाई. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, बोलायला तिखट. त्यांनी मार्कर माझ्या हातात दिला आणि चालता चालता सांगितलं, "मनगटावर आकडा लिहायचा. आत्ता नेलं तर वाचेल, त्याला एक. दोन-तीन तास थांबू शकेल, त्याला दोन. चालतंय-बोलतंय, त्याला तीन."

"आणि गेलेल्यांना?"

"शून्य. गेलेल्यांना आणि जाणाऱ्यांना."

मी थांबले. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी धरून असा काही आवाज लावला की क्षणभर सगळा घाट गप्प झाला. "ज्यांना चालता येतं त्यांनी उठा आणि त्या करंजाखाली जाऊन थांबा. बाकीच्यांनी हलू नका. आम्ही येतोय."

ही पहिली पायरी. जो चालून जातो, त्याची काळजी तूर्त मिटली. मग उरलेल्यांत कोण जगेल ते बघायचं. ऐकायला क्रूर वाटतं आणि ते आहेच, पण अठ्ठावीस माणसांना चार हात पुरवायचे तर दुसरी रीत नाही. मी आज चोवीस वर्षांनी नव्या पोरींना हेच शिकवते.

दहाजण उठून करंजाकडे गेले. कुणी लंगडत, कुणी डोकं धरून. त्यांत ती होती. चुडा भरलेले हात, गळ्यात नवं मंगळसूत्र, अंगाला अजून हळदीचा रंग. ती उठताना एकदा खाली बसली, मग एकदम ताठ उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालत गेली. मी तिच्या मनगटावर तीन लिहायला गेले तर मेंदीवर मार्कर दिसेना, म्हणून कोपराजवळ लिहिलं. नाव विचारलं. रोहिणी म्हणाली.

रस्त्यावर तिघं आधीच गेले होते. पाचजणांवर मी एक लिहिलं. भिंगारदिवे सिस्टर पुढे जाऊन बघत, मला नुसता आकडा सांगत आणि मी लिही. हातावर वजन पडावं तसा प्रत्येक आकडा मला जड जात होता. आठजणांना दोन लिहिलं, त्यांत रोहिणीचा नवरा होता. मांडी आणि उजवा हात मोडलेला, पण शुद्धीवर. एक म्हातारे रस्त्याकडेला पडले होते. डोक्याची मागची बाजू फुटलेली, श्वास घरघरत होता, एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. त्यांची बायको त्यांचा हात धरून बसली होती. भिंगारदिवे सिस्टरांनी पापणी उघडून बघितली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "शून्य."

"श्वास आहे, सिस्टर."

"मला ऐकू येतोय. लिही."

मी त्या बाईसमोर, तिच्या नवऱ्याच्या मनगटावर शून्य लिहिलं. तिनं विचारलं, हा कसला आकडा. मी म्हटलं, "नंबर आहे, मावशी. पुढच्या खेपेला न्यायचं." नर्सिंगच्या शपथेत खोटं बोलण्याबद्दल काही नाही, ते त्या दिवशी बरं वाटलं. आज वाटत नाही.

पिंजारीनं जीपची मागची बाकं उपटून काढली. त्यात दोघांना आडवं घातलं, तिघांना टेकवून बसवलं, आणि एक आकड्याचे पाचही दवाखान्याकडे निघाले. जायला तास, यायला तास, वर भरती करायला लागेल तो वेळ. म्हणजे साडेतीनच्या आत जीप परत येत नव्हती.

आता आम्ही दोघी आणि पडलेली माणसं. इथं रोहिणी कामाला आली. करंजाखालच्या बाकीच्यांना काही सुचत नव्हतं. पुरुष मंडळी टेम्पोकडे बघत उभी, बायका गळ्यात पडून रडणाऱ्या. ही पोर मात्र आपण होऊन टेम्पोतली देवाच्या पाण्याची कळशी शोधून घेऊन आली आणि विचारलं, कुणाकुणाला पाणी पाजू. मी सांगितलं, पोटाला मार असेल त्याला द्यायचं नाही, नुसते ओठ ओले करायचे. तिनं तसंच केलं. मी हाड बांधायला लागले की ती टेम्पोतून निघालेल्या फळीचं दुसरं टोक धरी. बँडेजं संपली तेव्हा तिनं बस्त्यातली नवी कोरी लुगडी गाठोड्यातून काढून फाडायला दिली. मी पेशंटचं नाव विचारी तर तिला येत नसे. सहा दिवसांच्या सुनेला नावं कुठली ठाऊक. "ते थोरले मामंजी, ते मधल्या मामंजींचे चुलतभाऊ, त्या धाकट्या सासूबाई," असं सांगे. मी त्या धांदलीतही एकदा हसले. तीही हसली.

मध्येच ती डावा खांदा चोळायची. मी बघितलं होतं. कळशी वाहून खांदा भरून आला असेल, असं मला वाटलं. तिनं दोनदा मला विचारलं, मी पाणी पिऊ का. मी म्हटलं, वेडी आहेस का, पी की. मला परवानगी काय मागतेस. उन्हाचं फिरतेय, तहान लागणारच. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, आणि साडेतीन वर्षं जे शिकले होते ते त्याला लावलं नाही. डाव्या खांद्याचं दुखणं पोटातूनही येतं, प्लीहा फुटली की येतं, यावर मला परीक्षेत दहापैकी नऊ मार्क होते.

दोनच्या सुमारास खालून डेअरीचा टेम्पो आला. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं न विचारताच कॅन रस्त्याला उतरवायला सुरुवात केली. दोन आकड्याचे आठजण आणि वर एक माणूस बसू शकत होतं. भिंगारदिवे सिस्टर पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्यांच्यासोबत जाणार, असं ठरलं. आठांपैकी दोघांची नाडी त्यांना आवडत नव्हती. त्या रोहिणीच्या नवऱ्याला आत सरकवत होत्या तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"सिस्टर, मी जाऊ का ह्यांच्यासंगं?"

मी उत्तर द्यायच्या आत थोरले मामंजी, म्हणजे तिचे थोरले चुलत सासरे, पुढे आले. साठीचे, पांढरी मिशी, कपाळाला खोक पडलेली पण ताठ उभे. त्यांचं म्हणणं, घरचे जावई आहेत, त्यांचा मान आधी. उद्या व्याह्यांना काय तोंड दाखवायचं. जावईबापूंच्या कोपराचं साल निघालं होतं आणि ते तासभर असे कण्हत होते की मीच कंटाळले होते. भिंगारदिवे सिस्टर असत्या तर त्यांनी जावईबापूंची हजेरीच घेतली असती, पण त्या आत सलाइनची बाटली बांधत होत्या. निर्णय माझ्यावर आला.

मी रोहिणीला म्हटलं, "तू चालती-बोलती आहेस गं. तू गेलीस तर मी एकटी इथं काय करू?"

ती मान हलवून मागे सरकली. जावईबापू टेम्पोत चढले. त्या वेळी मला स्वतःची थोडी हुशारीच वाटली. एका दगडात दोन पक्षी: कटकट गेली आणि कामाची पोर राहिली.

निघताना भिंगारदिवे सिस्टरांनी डोकं बाहेर काढून मला सांगितलं, "करंजाखालच्यांना पुन्हा बघ. एकेकाची नाडी धर, पोट दाबून बघ. आकडा एकदा लिहिला म्हणून खरा मानायचा नाही."

मी हो म्हटलं. आणि बघणारही होते. पहिल्यांदा थोरल्या मामंजींपासून सुरुवात केली. त्यांची नाडी बरी होती. दुसऱ्याची बरी होती. तिसऱ्याकडे वळले तेवढ्यात रस्त्याकडेच्या म्हाताऱ्यांची बायको मला हाका मारायला लागली. त्यांचा श्वास बदलला होता. खूप वेळ थांबायचा, मग दोन-तीन एकदम यायचे. मी तिथं गेले आणि तिथंच बसले.

करण्यासारखं काही नव्हतं. मान थोडी कुशीला वळवली, तोंडातलं रक्त पुसलं. बाई विचारत राहिली, गाडी कधी येणार, ह्यांचा नंबर लागणार ना. मी प्रत्येक वेळी हो म्हणत राहिले. तिथून उठायला हवं होतं. उठवेना. ज्याच्या मनगटावर मी शून्य लिहिलं त्याला निदान एकट्यानं जाऊ देऊ नये, असं माझ्या मनानं घेतलं. तो चांगुलपणा होता की नुसती मनाची टोचणी होती, मला अजून ठरवता येत नाही. एवढं खरं की ज्याला माझा उपयोग नव्हता त्याच्यापाशी मी पाऊण तास बसले आणि जिला होता ती माझ्यापासून वीस पावलांवर होती.

सव्वातीनला म्हातारे गेले. बायकोनं हंबरडा फोडला. करंजाखालच्या बायका जागच्या जागी रडायला लागल्या आणि रोहिणी तिला सावरायला चालत आली. चार पावलांवर असताना तिचा पाय वाकडा पडला. तिनं हात पुढे केला, तो मी धरला.

हात गार होता आणि घामानं भिजलेला. एवढ्या उन्हात गार. मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, बहुधा त्या दिवसातलं पहिल्यांदाच. हळदीच्या रंगाखाली ओठ पांढरे पडले होते. नाडी बोटाला लागेना, लागली तेव्हा मोजता येईना इतकी पळत होती. मी लुगड्यावरूनच पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं झालं होतं.

"कधीपासून दुखतंय?"

"टेम्पो पडला तवापासनं. टेम्पोचा मागचा फाळका बसला हितं."

"मग बोलली का नाहीस?"

ती जरा गोंधळली. माझा प्रश्नच तिला कळला नसावा. "तुम्ही म्हणलात ना, चालता येतं त्यांनी तिकडं जावा. मला चालता येत हुतं."

मी तिला खाली बस म्हटलं. तिनं मान हलवली. आडवी हो म्हटलं तर तिनं माझा दंड घट्ट धरला आणि करंजाकडे बघितलं. तिथं सहा पुरुष उभे होते, थोरले मामंजी पुढे.

"नगं सिस्टर. मामंजी हायेत सगळे."

मला तेव्हा उमगलं. ती उठली होती ती बरी होती म्हणून नव्हे. सासरची वडीलधारी माणसं रस्त्यात उभी असताना नवी सून जमिनीवर लोळत पडणार कशी? सासऱ्यांसमोर ती सहा दिवसांत एकदा खाली बसलीही नसेल. म्हणून ती उठली, पदर घेतला, चालून दाखवलं. आणि एकदा उभी राहिल्यावर नुसतं कसं उभं राहायचं, म्हणून कळशी उचलली. अडीच तास ती पोटात रक्त सांडत उभी होती आणि मी तिच्याकडून फळी धरून घेत होते.

मी तिला म्हातारीच्या खांद्याला तशीच टेकवून करंजाकडे धावले. मला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा. "सगळ्यांनी तिकडं तोंड करा. दरीकडं."

थोरल्या मामंजींनी विचारलं, का बरं.

"तुमच्या सुनेला आडवं व्हायचंय."

"मग हुऊ द्या की, बाई," ते म्हणाले. "आम्ही काय नको म्हणलं का?"

खरंच होतं त्यांचं. कुणीच काही म्हटलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हातारीच्या खांद्याला धरून उभी होती, आणि त्यांची नजर आपल्यावर पडली तशी तिनं पदर पुढे ओढला. मामंजींचा चेहरा बदलला. ते दरीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचे पाचही वळले.

मग ती आडवी झाली. म्हातारीनं आपल्या नवऱ्याजवळून उठून हिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पाय उंच केले, दुधाच्या कॅनवर ठेवले. यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं. सलाइनची होती ती बाटली टेम्पोबरोबर गेली होती. तिला लागत होतं ऑपरेशनचं टेबल, ते बत्तीस किलोमीटरवर होतं. टेम्पोतल्या त्या नवव्या जागेवर ती असती तर एव्हाना ती तिथं पोचली असती. कसाही हिशेब केला तरी उत्तर तेच येत होतं.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "ह्यांचा हात बरा हुईल ना?"

"होईल. महिन्याभरात होईल."

"उजवा हाये."

"उजवाही होतो गं."

तिला थंडी वाजायला लागली. मी बस्त्यातलं उरलेलं लुगडं तिच्या अंगावर घातलं. ती मला सांगत होती की गावाकडं आईला लगेच कळवू नका, ती घाबरते. मी नाही कळवत म्हटलं. मग ती बोलायची थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सॉरी म्हणायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा तिची नाडीच मोजली.

खालच्या वळणावरून जीपचा हॉर्न ऐकू आला तेव्हा ती बघत नव्हती. पेशंट दवाखान्यात सोपवून आमच्याच जीपनं परतलेल्या भिंगारदिवे सिस्टर गाडी थांबायच्या आतच उतरल्या. त्यांनी गुडघ्यावर बसून तिच्या गळ्यापाशी बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली. मग पोटावर हात ठेवला. तिच्या कोपराजवळचा आकडा त्यांनी वाचला, माझ्याकडे बघितलं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिचे डोळे मिटले आणि पदर तोंडावरून घेतला.

सहाही पुरुष अजून दरीकडे तोंड करून उभे होते. जीप आली, दारं वाजली, भिंगारदिवे सिस्टर धावत गेल्या, तरी त्यांच्यातल्या कुणी मागे बघितलं नव्हतं. थोरल्या मामंजींचे हात पाठीमागे बांधलेले होते आणि कपाळाच्या खोकेतलं रक्त मानेवर येऊन सुकलं होतं.

"बाई," त्यांनी तसंच उभं राहून विचारलं, "पडली का पोर जरा निवांत? वळावं का आम्ही आता?"

मी तिथंच बसून राहिले. मला त्यांना वळा म्हणता येईना.